योना म्हणजे होला

मचवा खाडीच्या मध्यावर होता तेव्हाच मी तिला ओळखलं. ती उभी होती. मचव्यात उभं राहायचं नाही हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि नथू तांडेल तर उभ्या राहणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. पण त्या दिवशी तो काही बोलत नव्हता. गुपचूप वल्हं मारत होता.

"बाबा, ताई आली," मी म्हटलं.

बाबा दुरुस्तीला आलेल्या होडीच्या पोटात बसून वाकसाने फळी तासत होते. मला फक्त त्यांच्या काळ्या टोपीचा शेंडा दिसत होता.

"कोण ताई?"

"आपली. योनाताई."

वाकसाचा आवाज थांबला. बाबा उठून उभे राहिले आणि डोळ्यांवर हात धरून बघू लागले. मी धक्क्याच्या पायऱ्या उतरून पार पाण्यात गेले. परकर भिजला, पण शुक्रवारची दुपार होती, शनिवारच्या आधी सगळ्यांच्या आंघोळी आणि कपडे व्हायचेच होते, म्हणून मला त्याची फिकीर नव्हती. तीन वर्षांनी माझी बहीण परत येत होती.

ती उतरली. एक पत्र्याची ट्रंक, अंगात परदेशातला फ्रॉक आणि वर गावची जुनी शाल. पूर्वी तिची वेणी कमरेखाली यायची, आता केस मानेपर्यंतच होते. तिने मला उचलून घ्यायचा प्रयत्न केला आणि तिला ते जमलं नाही. मी दहा-अकरा वर्षांची घोडी झाले होते.

बाबा हातात वाकस घेऊनच आले. त्यांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"रजेवर आलीस?"

"आले," ती म्हणाली.

धक्क्यावर एलोजीकाका जाळं विणत बसले होते. ते आमचे शेजारी आणि बाबांचे बाळमित्र. मावळतीचा सूर्य जसा रोज दिसायचा तसे ते आम्हाला रोज दिसायचे. त्यांनी तिथूनच हाक घातली, "काय गो योना, आम्हाला न्यायला आलीस काय? तुझ्या काकीने लोणच्याच्या बरण्यापण बांधून ठेवल्यान."

ताईने बाबांकडे पाहिलं.

"होय तर," बाबा म्हणाले. "तुम्हाला वाट दाखवायला आलीय."

एलोजीकाका मनापासून हसले. ताई हसली नाही. बाबांनी तिची ट्रंक खांद्यावर घेतली आणि आम्ही घरी निघालो.

आम्ही बेने इस्रायल. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे आमच्या वाडीत तेव्हा आमची आठ-दहा घरं होती. बाप मराठी, आई मराठी, मासळीचं कालवण मराठी, शिव्या तर अस्सल मराठी. फक्त शनिवारी आमची चूल पेटायची नाही आणि आमच्या मशिदीत हिब्रू ऐकू यायचं. प्रार्थनाघराला आम्ही मशीदच म्हणत असू. आमच्या वाडीत हिब्रू वाचता येणारे चौघे-पाच जण होते, पण समजणारा एकटा माझा बाप. बिन्यामीन नाव, पण खाडीच्या दोन्ही काठांवर त्यांना बंडूमिस्त्री म्हणत. तरुणपणी मुंबईत फर्निचरच्या कामावर असताना त्यांनी एका म्हाताऱ्या हझानकडे, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याकडे, संध्याकाळी बसून ती भाषा शिकून घेतली होती. म्हणून दर शनिवारी बाबा पोथीतला त्या आठवड्याचा भाग हिब्रूत वाचायचे आणि मग आम्हा अडाण्यांसाठी मराठीत सांगायचे.

ताई जन्मली त्या आठवड्यात नोहाच्या तारवाची गोष्ट वाचायची होती. बाबांनी तिचं नाव योना ठेवलं. वाडीतल्या बायका हसल्या. त्यांना योना एकच माहीत, माशाच्या पोटात गेलेला बाप्या. पोरीला हे कसलं नाव, असं त्या म्हणाल्या.

"अगो, योना म्हणजे पाखरू," बाबा समजावायचे. "कबूतर म्हणा, पारवा म्हणा. पण खरं सांगू? योना म्हणजे होला. आपल्या अंगणात टिपायला येतो ना, तो. त्याच्यासारखं गरीब पाखरू नाय. आणि घर न विसरणारं पण नाय."

आता मी सत्तरी ओलांडली आहे आणि इस्रायलमध्ये राहते आहे, ताई जिथून परत आली होती त्याच देशात. इथे माझ्या बाल्कनीत कबुतरं घाण करतात आणि समोरची बाई टॉवेल झटकत 'योना, योना' म्हणून खेकसते. इथे तो शब्द दिवसातून दहादा कानावर पडतो. चाळीस वर्षं झाली इथे, तरी मला त्याची सवय झालेली नाही.

तारवाची गोष्ट बाबा फार रंगवून सांगायचे. सुतारच तो, त्याला तारवाच्या फळ्या, डांबर, खिडकी, सगळ्यात रस. पाऊस थांबतो, तारू डोंगराला टेकतं, पण चहूकडे पाणीच पाणी. मग नोहा खिडकीतून योनाला सोडतो. पहिल्यांदा तिला पाय टेकायला कुठेच जागा मिळत नाही, म्हणून ती परत येते. इथे बाबा तेबाच्या कठड्यावरून उजवा हात लांब पुढे करायचे, तळवा वर करून. तेबा म्हणजे मशिदीच्या मधला उंच चौथरा, तिथे उभं राहून वाचतात. "आणि नोहाने हात बाहेर काढला," बाबा म्हणायचे, "आणि तिला धरून आत घेतलं, आपल्यापाशी."

लहानपणी ताई त्या क्षणाची वाट बघत बायकांच्या जाळीआड बसलेली असायची. बाबांचा हात पुढे झाला की ती धावत जायची आणि तेबाखाली उभी राहून आपला पंजा त्यांच्या तळव्यात ठेवायची. बाबा तिला उचलून वर घ्यायचे. सगळी मशीद हसायची. ती मोठी झाली, धावायची बंद झाली, पण बाबांनी हात पुढे केला की बाया माणसं अजून वळून तिच्याकडे बघायची. तो हात तिचाच, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्यांदा योना चोचीत जैतुनाचं ओलं पान घेऊन येते. तिसऱ्यांदा ती परतच येत नाही, आणि नोहाला कळतं की जमीन मोकळी झाली. ती परत न येणं हीच आनंदाची बातमी. बाबा हे सांगताना टाळी वाजवायचे.

ताई अठराची झाली तेव्हा आपली माणसं त्या नव्या देशाला निघाली होती. बाबांचं मन तिकडे लागलं होतं, पण सगळ्यांनी एकदम उडी घेऊ नये असं त्यांचं मत. तिला बोटीवर चढवताना ते म्हणाले, "तू माझी योना. जमीन चांगली असली तर एक पान पाठव. मग आम्ही सगळे येतो."

वर्षाने पाकिटातून पान आलं. सुकलेलं, बोटाएवढं, एका बाजूने हिरवं आणि एका बाजूने राखी. बाबांनी त्याला सागाची चौकट केली आणि मशिदीत लावलं. ज्यांची इतके दिवस जाऊ की नको चालली होती त्यांनी ते पान बघून पासपोर्ट काढले. एलोजीकाकांनी नारळीची वाडी विकली. आणखी तीन घरांचे सौदे झाले. महिन्याभरात सगळे निघणार होते, आणि त्यांच्यामागून आम्ही.

आणि आता ताई मचव्यातून उतरून घरी आली होती.

आईने तिला काही विचारलं नाही. तिला न्हायला गरम पाणी दिलं, मग चुलीपाशी पाटावर बसवून तिच्या त्या आखूड केसांना खोबरेल लावत राहिली. लावण्यासारखे केस नव्हतेच. दिवस मावळायच्या आत आईने शब्बाथचा, शनिवारच्या विसाव्याचा, दिवा लावला आणि दोन्ही तळवे डोळ्यांवर धरले. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरले.

बाबांनी काळ्या मनुकांच्या सरबताचा पेला घेऊन आशीर्वाद म्हटला. मग आमच्या रिवाजाप्रमाणे हात दिला. आमच्यात प्रार्थना संपली की वडीलधारा माणूस दोन्ही हात पुढे करतो, समोरचा ते आपल्या दोन्ही हातांत घेतो, आणि मग दोघेही आपापली बोटं ओठांना लावतात. शांतता एका हातातून दुसऱ्या हातात जाते, असं म्हणतात. बाबांनी आईला हात दिला, मला दिला, ताईला दिला. ताईने तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

"आता सांग," बाबा म्हणाले.

ताई ताटाकडे बघत बोलली. "एक मुलगा होता. आपल्यातला नाय, दुसऱ्या मुलखातून आलेला. आम्ही एकाच बागेत संत्री काढायला होतो. लग्न ठरलं. लग्नासाठी कचेरीत नाव घालायला गेलो तर तिथला माणूस म्हणाला, तू यहुदी कशावरून?"

"म्हणजे?" आई म्हणाली.

"म्हणजे तेच. आधी तुझी आई यहुदी होती हे दाखव. मग तिची आई. मग तिची आई. मी सांगितलं, आमचे लोक शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. सांगितलं, आम्ही किती पिढ्या खाडीकाठी आहोत कोणाला ठाऊक नाय, पण शेमाची प्रार्थना कधी विसरलो नाय. त्याने थांबायला सांगितलं. मी वर्षभर थांबले. मुलाची आई नाय थांबली."

"त्याचं लग्न झालं," आई म्हणाली. तिने विचारलं नाही, नुसतं म्हटलं.

"झालं."

बाबांच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच होता. "कोणा एका कारकुनाच्या मूर्खपणावरून—"

"मी देशाला नावं ठेवत नाय, बाबा. एलोजीकाकांची पोरं शिकतील तिथे. कित्येकांचं चांगलं चाललंय. मला पाय टेकायला जागा नाय झाली, एवढंच सांगते."

"मग पान कशाला पाठवलंस?"

"तुम्ही मागितलं होतं. झाड होतं, झाडाला पान होतं. तेव्हा मलापण वाटत होतं की होईल सगळं ठीक."

बाबा उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. मी त्यांना कधी घाबरले नव्हते. त्या संध्याकाळी घाबरले, कारण ते स्वतःच घाबरलेले दिसत होते.

"एलोजी वाडी विकून बसलाय," ते म्हणाले. "चार घरं माझ्या शब्दावर निघालीत. माझ्या शब्दावर, योना. उद्या त्यांना काय सांगू? माझ्या पोरीला तिथे विचारलं, तू कोण? बिन्यामीनची पोर यहुदी नाय, मग मी तिथे उभा राहून तीस वर्षं काय वाचतोय?"

"मी बोलणार नाय कोणाला काही."

"नाय कसं? बोलायलाच पायजे. उद्या मशिदीत सांग सगळ्यांना, भेटायला आलीस म्हणून. आणि त्यांच्याबरोबर परत जा. मोठा देश आहे, दुसरा मुलगा मिळेल."

"मला घरी राहायचंय, बाबा."

किती साधं वाक्य होतं ते. मला कळेना, त्यात एवढं अवघड काय आहे. माझ्या अंथरुणात जागा होती, ताटात भात होता.

ताई म्हणाली, "उद्या नोहाची गोष्ट आहे ना? तुम्ही दरवर्षी करता तसा हात पुढे करा. मी मागे बसलेली असेन. योना घरी आली, तिच्या बापाने तिला आत घेतली, एवढं लोकांना कळेल. मग कोणाला काय विचारायचं ते मला विचारतील. मी खरं तेच सांगेन, वाईट नाय सांगणार. जायचं की नाय ते त्यांचं ते ठरवतील."

"आणि नाय केला हात पुढे, तर?"

"तर मला कळेल."

आईने मधे बाबांच्या ताटात मासळीचं आंबट वाढलं. "जेवा आधी," ती म्हणाली. "निवतंय."

दुसऱ्या दिवशी मशीद भरली होती. ताई आली हे कळल्यामुळे एरवी उशिरा येणारेही वेळेवर आले होते. आम्ही तिघी मागच्या बाकावर, बाबांनीच बनवलेल्या लाकडी जाळीआड बसलो. एलोजीकाकी मागे वळून ताईच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "तिथे थंडी फार काय गो? गोधड्या न्यायच्या की नको?" ताई म्हणाली, "न्या, काकी." भिंतीवर चौकटीत ते पान होतं. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मग पाहिलं नाही.

बाबांनी हिब्रू वाचलं. मग मराठीत सुरू केलं. आवाज नेहमीसारखा होता. पाऊस पडला, तारू तरंगलं, टेकलं. खिडकी उघडली. मी ताईचा हात धरला होता. तो थंड आणि ओला होता.

"मग नोहाने योनाला सोडलं," बाबा म्हणाले. "ती लांब लांब गेली. तिने खाली बघितलं, पाणी. पुढे बघितलं, पाणी. तिच्या पायाला टेकायला कुठे जागा मिळाली नाय. म्हणून ती परत आली."

सगळी मशीद वळून आमच्याकडे बघू लागली. जुनी सवयच ती. एलोजीकाका तर आधीच हसायला लागले होते.

ताई उठून उभी राहिली. ती लहानपणी धावायची तिथे, जाळीच्या फटीपाशी गेली. एकवीस वर्षांची बाई, मानेपर्यंत केस, पायात आईच्या चपला. मला वाटलं, आता ती खरंच धावेल.

बाबांचे दोन्ही हात तेबाच्या कठड्यावर होते. त्यांनी ते काढले नाहीत. त्यांनी कठडा असा धरला होता की बोटांची पेरं पांढरी झाली होती, आणि मला लांबूनही ती दिसत होती.

"मग सात दिवस गेले," बाबा म्हणाले. "दुसऱ्यांदा सोडलं, तेव्हा योना चोचीत पान घेऊन आली. ते बघा, तसंच पान. म्हणजे जमीन चांगली आहे. घाबरायचं कारण नाय."

लोकांनी मान डोलावली. एखाद्याला जाणवलं असेल की आज मिस्त्रींनी मधलं काही गाळलं, पण वाडी विकून बसलेल्या माणसाला दिलासा हवा असतो. ताई तिथेच उभी होती. थोड्या वेळाने ती परत माझ्या शेजारी येऊन बसली. रडली वगैरे नाही. तिने माझा हात पुन्हा आपल्या हातात घेतला, आणि आता तिचा हात कोरडा होता.

प्रार्थना संपली. हात द्यायला सुरुवात झाली. तेबाजवळच्या म्हाताऱ्यांपासून तो हातोहात दारापर्यंत आला. शेवटी बाबा जाळीपाशी यायचे आणि आम्हा घरच्या बायकांना हात द्यायचे. ते आले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. पहिला मान आईचा. आईने बाजूला होऊन ताईला पुढे केलं. बाबांचे हात तसेच हवेत राहिले, मग त्यांनी ते मागे घेतले आणि टोपी नीट केली. "पोथी ठेवायचीय," असं काहीतरी म्हणत ते आत गेले.

ताईचे हात पुढे झालेले होते. आईने ते आपल्या हातांत घेतले, आणि आपली बोटं ओठांना लावली.

रविवारी सकाळी ताई निघाली. "परत जाते," एवढंच म्हणाली. आईने तिला खूप धरून ठेवलं. मी तर तिच्या कमरेला मिठी मारून धक्क्यापर्यंत गेले. बाबा घरात नव्हते, पहाटेच कामावर गेले होते. धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर त्या होडीच्या पोटातून वाकसाचा आवाज येत होता. ताईने त्या दिशेला तोंड करून एकदा हाक मारली, "बाबा, येते." वाकसाचा आवाज थांबला नाही. नथू तांडेलने मचवा सोडला आणि ताई या खेपेला खाली बसली होती. मचवा पलीकडे लागला तेव्हा आवाज थांबला. नंतर मी जाऊन पाहिलं. चांगली सागाची फळी तासून तासून बाबांनी तिची चिंध्यांसारखी पातळ सालपटं करून टाकली होती. ते त्या ढिगात बसले होते आणि त्यांनी मला घरी जायला सांगितलं.

चार घरं गेली. मशीद निम्मी रिकामी झाली. आमचं जाणं बाबा पुढे ढकलत राहिले. हातातली कामं संपू देत, म्हणायचे. ताईचं पत्र आलं नाही. बाबा धक्क्यावर लोकांना सांगायचे, "तिसऱ्यांदा गेलेली योना पानसुद्धा पाठवत नाय. तिला जमीन सापडली म्हणायची." त्यांना ते खरंच वाटत होतं की काय, मला अजून कळलेलं नाही. एलोजीकाकांचं पत्र आलं. पोरं शाळेत जातात, घर मिळालं, सगळं झकास. शेवटी लिहिलं होतं, योनाचा पत्ता कळवा, इथे आपल्या माणसांत तिला कोणी पाहिलेलं नाही.

"मोठा देश आहे," बाबा म्हणाले.

"तुम्हीच म्हणाला होतात, आपल्या कोकणाएवढा आहे म्हणून," आई म्हणाली. त्या शनिवारपासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. त्यांचे कपडे धुवायची, त्यांना गरम वाढायची, आजारपणात उशाशी बसायची. त्यापलीकडे बोलायची मात्र नाही.

पुढच्या वर्षी पावसाळा सरल्यावर एक परिचारिका मचव्यातून आली. आपल्यातलीच, मुंबईची. तिच्याबरोबर ताईची पत्र्याची ट्रंक होती. तिला आमच्या घरात यायला वेळ लागला, कारण ती ट्रंक बघून आई दारातच खाली बसली होती आणि वाट अडली होती.

ताई त्या देशाला परत गेलीच नव्हती. मुंबईच्या एका इस्पितळात आयाचं काम करत होती आणि या बाईच्या खोलीत राहत होती. विषमज्वर झाला. बाई म्हणाली, "मी कितीदा तिला म्हटलं, घरी कळवू. नको म्हणायची. सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर जाऊन बसायची, तुमच्याकडे येणारी लाँच सुटेपर्यंत. मी विचारलं, मग चढत का नाहीस? तर म्हणाली, कोणी न्यायला आलं तर जाईन."

दोन तासांची लाँच, पुढे बस आणि हा मचवा. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला माणूस घरी पोचतो. एक वर्षभर माझी बहीण एवढ्या अंतरावर होती.

बाबांनी सगळं उभ्याने ऐकलं. मग विचारलं, "माती कोणी दिली?"

"आपल्याच लोकांनी. आपल्याच कबरस्तानात," बाई म्हणाली. "कोणी काही विचारलं नाही."

आठवड्याने नोहाचा शनिवार आला. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. शेजारच्या गावातून तिघांना बोलावून कसेबसे दहा झाले. आई म्हणाली मी येते, म्हणून मीही गेले. जाळीआड आम्ही दोघीच होतो. भिंतीवर पानाच्या चौकटीच्या जागी नुसता चौकोनी डाग होता. चौकट कोणी काढली, मी विचारलं नाही.

बाबांनी वाचलं. मग मराठीत सांगायला लागले. या खेपेला तारवाच्या फळ्या नव्हत्या, डांबर नव्हतं. पाणी होतं, खिडकी होती, आणि योनाला सोडलं.

"तिच्या पायाला टेकायला कुठे जागा मिळाली नाय," बाबा म्हणाले. "म्हणून ती परत आली. आणि नोहाने हात बाहेर काढला."

त्यांनी उजवा हात पुढे केला. कठड्यावरून, लांब, तळवा वर करून. मी तो हात दोन वर्षांनी बघत होते.

आम्ही पुढच्या वाक्याची वाट पाहिली. ते आलं नाही. बाबांचं तोंड उघडं होतं आणि हात पुढे होता. एक म्हातारा खोकला. कोणीतरी हळूच म्हणालं, "मिस्त्री." बाबांना ऐकू गेलं नाही. ते जाळीतल्या त्या फटीकडे बघत होते जिथून ती धावत यायची. मला वाटलं, मी जावं. मी जाऊन माझा हात तिथे ठेवावा. मी उठलेसुद्धा. आईने माझं मनगट धरून मला खाली बसवलं. तो हात माझ्यासाठी नव्हता, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. हात खाली येत नव्हता. त्यांच्या गालांवरून पाणी वाहून दाढीत जात होतं आणि ते पुसायला दुसरा हातही त्यांना सुचत नव्हता.

मग आई उठून उभी राहिली. आमच्या मशिदीत तोवर बाईचा आवाज कधी कोणी ऐकला नव्हता.

"हात खाली घ्या," ती म्हणाली. ती रागावलेली नव्हती. वर्षभरात ती त्यांच्याशी इतक्या मऊपणाने बोलली नव्हती. "आता कोणी यायचं नाय. पुढचं वाचा."

बाबांनी हात खाली घेतला. त्यांनी पोथीवर मान झुकवली आणि पुढचा भाग वाचला, तिसऱ्यांदा सोडलेली योना त्याच्याकडे परत आली नाही तो. फक्त हिब्रूत वाचला. मराठीत काही सांगितलं नाही, आणि त्या दिवशी तसं कोणी मागितलंही नाही.